न्यूयॉर्क पडलं की आपल्या क्विंटलमागं नेमकं किती पडतं?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही धागा सापडेल. घाटंजी तालुक्यात सहा एकर कोरडवाहू, घरात ४० क्विंटल कापूस. दारात येणारा खेडा खरेदीचा व्यापारी ६,७०० रुपये सांगतो आणि वर म्हणतो, "न्यूयॉर्क पडलं, त्याले मी का करू?" तुमच्या भावाचं म्हणणं, मार्चपर्यंत ठेवू, २०२२ सारखा भाव येईल. वडिलांचं म्हणणं, जागतिकीकरण आलं आणि कास्तकाराचा आधार गेला, पूर्वी सरकार कापूस घेत होतं. तुम्हाला हवंय ते एवढंच: व्यापारी खरं बोलतो का, आणि ठेवायचा की विकायचा.

व्यापारी खोटं बोलत नाही, पण अर्धं बोलतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला भाव तुमच्या काट्यापर्यंत येतो हे खरं. मात्र तो एकटा येत नाही. वाटेत डॉलर आहे, आयात शुल्क आहे, हमीभाव आहे, आणि ज्याच्याकडं कोणीच बघत नाही ती सरकी आहे. या प्रत्येकाचा क्विंटलमागं किती रुपयांचा परिणाम होतो हे वेगवेगळं मोजता आलं, की कोणाच्या सांगण्यावर अवलंबून राहावं लागत नाही. हा हिशोब दहावी पास माणसाला मोबाइलवर पाच मिनिटांत जमतो. जिनिंगवाले, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारे कारखानदार, रोज सकाळी तोच करतात.

उत्तराचा काही भाग तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहील, ते आधीच सांगतो. कर्ज कोणाचं आणि किती टक्क्यांनी, सातबाऱ्यावर पेरा काय लागला, कापूस कोणत्या वेच्याचा (वेचणीच्या कितव्या फेरीचा), खरेदी केंद्र किती लांब, हे मला माहीत नाही. त्यामुळं मी हिशोबाची रीत देतो, आकडे तुमचे घाला.

पहिली गोष्ट म्हणजे क्विंटल फोडायला शिका. गिऱ्हाईक असतं ते रुईला, म्हणजे नुसत्या धाग्याला, आणि सरकीला, म्हणजे आतल्या बीला. कापसाचा भाव या दोघांच्या बेरजेतून निघतो. १०० किलो कापूस जिनमधून काढला की साधारण ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी आणि दोनेक किलो घट निघते. रुईचा भाव खंडीत सांगतात, आणि एक खंडी म्हणजे ३५६ किलो. समजा आज देशात रुई खंडीला ५४,००० रुपये आहे. ५४,००० भागिले ३५६ म्हणजे किलोला १५१ रुपये ७० पैसे. गुणिले ३४, झाले ५,१५७. सरकी क्विंटलला ३,५०० असेल तर ६४ किलोचे २,२४० रुपये. बेरीज ७,३९७. त्यातून जिनिंग, प्रेसिंग, हमाली, जिनपर्यंतची वाहतूक यांचे ४५० धरा, राहिले ६,९४७. म्हणजे जिनच्या फाटकावर त्या दिवशी कापूस ६,९५० च्या आसपास परवडतो. गावात येऊन, स्वतःची गाडी लावून, रोख देऊन ६,७०० सांगणारा व्यापारी या आकड्यांत तुम्हाला लुटतोय असं म्हणता येणार नाही. तोच ६,३०० म्हणाला असता तर मात्र त्याला न्यूयॉर्कचं नाव घ्यायचा अधिकार नव्हता.

यातला ३४ हा आकडा मी धरलाय. तुमचा उतारा, म्हणजे १०० किलो कापसात किती किलो रुई, तुम्ही काढा. वेगवेगळ्या ढिगांतून ५० ग्रॅम कापूस घ्या, हातानं सरकी वेगळी करा, आणि सोनाराच्या छोट्या काट्यावर रुई तोला. १७ ग्रॅम भरली तर ३४ टक्के. असं तीनदा करून सरासरी घ्या. जिनमध्ये याहून अर्धा-एक टक्का कमीच पडतो, तेवढा वजा करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एका टक्क्यानं काय होतं ते बघा: एक किलो सरकीच्या जागी एक किलो रुई, म्हणजे वरच्या भावांत क्विंटलमागं ११५ रुपयांच्या वर फरक. पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा भरलेला कापूस आणि शेवटच्या वेच्याची कवडी (नीट न उमललेला, हलका कापूस) एकाच खोलीत मिसळली की व्यापारी सगळ्याला कवडीचाच उतारा लावतो. ते त्याच्या जागी बरोबरही आहे, कारण आत काय निघेल याची जोखीम तो घेतोय. वेचे वेगळे ठेवणं एवढ्यासाठीच.

आता न्यूयॉर्क. तिथला वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या सौद्यांचा भाव, पौंडाला किती सेंट असा सांगतात. एक किलो म्हणजे २.२०४६ पौंड. वायदा ६५ सेंट आणि डॉलर ८८ रुपये धरला, तर ६५ गुणिले २.२०४६ म्हणजे किलोला १४३.३ सेंट, म्हणजे १ डॉलर ४३ सेंट, म्हणजे सुमारे १२६ रुपये. खंडीला ४४,९०० च्या आसपास. देशातली रुई मात्र वर आपण ५४,००० धरली. हा फरक का राहतो, ते पुढं शुल्कात सांगतो. आधी लक्षात ठेवायचं सूत्र: याच डॉलरच्या भावात न्यूयॉर्क एक सेंट हललं की रुई किलोला १ रुपया ९४ पैसे हलते, आणि कापूस क्विंटलला ६६ रुपये. डॉलर एक रुपयानं हलला तर कापूस क्विंटलला ४९ रुपये. रुपया पडला की टीव्हीवर हळहळतात, पण कापूसवाल्याला तेवढ्यापुरता तो हातभारच असतो.

आणि आता ती दुर्लक्षित सरकी. सरकी किलोला एक रुपयानं हलली की क्विंटलमागं ६४ रुपये हलतात. म्हणजे सरकीचा एक रुपया आणि न्यूयॉर्कचा एक सेंट जवळजवळ सारख्या वजनाचे आहेत. त्यामुळं व्यापारी जेव्हा "न्यूयॉर्क तीन सेंट पडलं" म्हणून २०० रुपये कमी करतो, तेव्हा त्याला विचारायचं, की सरकी कुठं आहे? त्याच आठवड्यात सरकी तीन रुपये चढली असेल तर भाव जागच्या जागी असायला हवा. हा प्रश्न कास्तकाराकडून क्वचितच येतो, म्हणून तो विचारला की समोरचा लगेच हिशोबाच्या भाषेत बोलू लागतो.

सरकीचा भाव कोण ठरवतं? सरकीतून तेल निघतं आणि ढेप उरते. तेलाचं नातं पामतेलाशी, म्हणजे इंडोनेशिया आणि मलेशियाशी. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली होती, तेव्हा इकडं सगळीच तेलं पेटली आणि सरकीलाही त्याचा टेकू मिळाला. उलट बाजूनं, केंद्र सरकारनं ३० मे २०२५ ला कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं. शहरातल्या किराण्याच्या यादीसाठी घेतलेला तो निर्णय यवतमाळच्या कापसालाही लागतो, फक्त सरकीच्या दारानं येतो म्हणून दिसत नाही. ढेपेचं गणित दुधाशी आणि गुरांशी. अकोला हे सरकी ढेपेचं मोठं ठिकाण, वायदे बाजारातही ढेपेचा भाव अकोल्याचाच धरतात. मक्यापासून इथेनॉल काढताना उरणारा चोथा पशुखाद्यात येऊ लागल्यापासून पेंड आणि ढेप दोघींवरही दाब आला आहे. तेव्हा आठवड्यातून एकदा अकोल्याच्या ढेपेचा भाव बघत चला. तुमच्या कापसाची निम्मी बातमी तिथंच मिळते.

शुल्काकडं येऊ, कारण राजकारण इथं आहे. बाहेरची रुई भारतात आणायची तर न्यूयॉर्कच्या भावावर दर्जाचा फरक, जहाजाचं भाडं, विमा आणि बंदरावरचा खर्च चढतो. तो मिळून १० सेंट धरू. ७५ सेंटची रुई ८८ च्या डॉलरनं खंडीला ५१,८०० ला बंदरात पडते. तिच्यावर ११ टक्के शुल्क लावलं की ५७,५०० होते. सूतगिरणीला दोन्ही बाजूंनी माल मिळतो, त्यामुळं देशातल्या रुईला हा आकडा छत होऊन बसतो. शुल्क असेल तर छत ५७,५०० वर, नसेल तर ५१,८०० वर. फरक खंडीला ५,७००, रुईच्या किलोला १६ रुपये, आणि तुमच्या कापसाच्या क्विंटलला ५४४ रुपये. शुल्क काढलं म्हणून दुसऱ्या दिवशी भाव बरोबर ५४४ नं पडतो असं नाही. माल यायला वेळ लागतो, देशात रुई किती शिल्लक आहे यावरही आहे. पण गिरणीवाला त्या दिवसापासून घाई करणं सोडतो, आणि खरेदीदाराची घाई सुटली की भाव सुटतो.

हे ११ टक्के शुल्क फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं. एप्रिल ते ऑक्टोबर २०२२ काढलं, पुन्हा लावलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याच्या रुईला त्यातून सूट दिली. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार डिसेंबर २०२२ पासून वर्षाला ५१,००० टन रुई बिनशुल्क येऊ शकते. आणि १९ ऑगस्ट २०२५ पासून शुल्क पुन्हा काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमका आपला सीतादईचा, पहिल्या वेच्याचा काळ. या शेवटच्या निर्णयाची साखळी नीट बघा. अमेरिकेनं ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क चढवलं. कपडे निर्यात करणाऱ्यांच्या ऑर्डरी अडकल्या. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून दिल्लीनं रुईचं शुल्क काढलं. अशी ती वॉशिंग्टनची अडचण कपडा कारखान्यांच्या तिरुपूरमार्गे घाटंजीच्या वावरात आली. कपडा कामगारांची पोटं त्या ऑर्डरींवर आहेत, त्यांना दिलासा द्यायलाच हवा होता, याबद्दल माझा वाद नाही. वाद एवढाच, की त्या दिलाशाची किंमत सरकारी तिजोरीतून न जाता पऱ्हाटीवाल्याच्या, म्हणजे कापूस पिकवणाऱ्याच्या, क्विंटलमधून गेली.

उलटी उदाहरणंही आहेत. एप्रिल २०१० मध्ये आणि पुन्हा मार्च २०१२ मध्ये जगात भाव चांगले असताना कापसाची निर्यात रोखली गेली. २०१२ ची बंदी आठवडाभरात सैल करावी लागली, पण तोवर बाजार बसला होता. म्हणून "बाजार खुला झाला" असं कोणी म्हटलं की मी विचारतो, कोणत्या दिशेनं? भाव पडतो तेव्हा दार उघडं असतं आणि चढतो तेव्हा ते लावून घेतात, हा अनुभव कापसापुरता नाही. तुमच्या धुऱ्यावरच्या तुरीचंही तेच: मे २०२१ मध्ये तुरीच्या आयातीवरची मर्यादा उठवली, मोझांबिक, मलावी, म्यानमारमधून ती येत राहिली, आणि सवलतीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली.

वडिलांचं म्हणणं आता घेतो, कारण ते निम्मं बरोबर आहे. वऱ्हाड जगाला जोडलं गेलं ते १९९१ मध्ये नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोचेना, तेव्हा इंग्रजांना वऱ्हाडाची आठवण झाली. इथल्या भावानं आभाळ गाठलं, आणि युद्ध संपताच खाली आला. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, खामगावचा फाटा १८७० मध्ये निघाला, ते कापूस बंदरावर न्यायलाच. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या उमरावतीच्या (अमरावतीच्या) नावानं "उम्रा" आणि हिंगणघाटच्या नावानं "हिंगणघाट" अशी कापसाची प्रतच होती. म्हणजे तुमच्या पणजोबांच्याही पणजोबांचा भाव समुद्रापलीकडंच ठरत होता.

मग वडिलांना आठवतं ते काय? १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. कापूस सरकारच्या वतीनं फक्त पणन महासंघानं घ्यायचा, ठरलेला भाव द्यायचा, आणि जगातले चढउतार महासंघाच्या वहीत जिरायचे. त्यातही दोष होते: ग्रेडवरून भांडणं, विकलेल्या मालाचे चुकारे महिनोन्‌महिने अडकायचे, शेजारी राज्यात भाव चांगला असला की आदिलाबादच्या वाटेनं रात्री बैलगाड्या जायच्या. तोटा साचत गेला, आणि योजना नव्या शतकाच्या सुरुवातीला मोडली. वडील "जागतिकीकरण" म्हणतात तेव्हा त्यांना खटकतं ते बहुधा हे: जगाशी नातं जुनंच, पण धक्के झेलणारा मधला माणूस गेला. आता धक्का सरळ घरापर्यंत येतो, आणि ज्याच्या अंगावर तो येतो त्याच्याकडं सहा एकर आणि एक पीककर्ज एवढंच असतं. पलीकडं मात्र मधला माणूस शाबूत आहे. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तो तंटा मिटला. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनीही तीच तक्रार मांडली. त्यांच्याकडं ब्राझीलसारखी ताकद नव्हती, आणि तो प्रश्न अजून तसाच लोंबकळतोय. आपलं वावर त्या चार देशांच्या वावरासारखं आहे, ब्राझीलसारखं नाही. ब्राझील हेक्टरी १,८०० किलोच्या आसपास रुई काढतो, भारताची सरासरी त्याच्या पावपट. २०२३-२४ मध्ये त्यानं निर्यातीत अमेरिकेलाही मागं टाकलं. २०२५ मध्ये न्यूयॉर्क ६५-७० सेंटांत का अडकून बसलं याचं मोठं कारण तिथल्या हजारो हेक्टरांच्या शेतात आहे.

गावाच्या राहणीवर काय झालं तेही तुम्ही ओझरतं विचारलंय. मला सगळ्यात मोठा बदल दिसतो तो ज्वारी जाण्याचा. पऱ्हाटीच्या ओळींत तूर आणि ज्वारी असायची. सोयाबीन आलं, ज्वारी गेली. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैलजोडी आणि शेणखत गेलं, आणि ताटातली भाकर पोळीनं घेतली. सरकीचं बी २००२ पर्यंत बरेच जण घरचं किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या वाणाचं राखायचे, बीटी आल्यापासून दरवर्षी पाकीट. घरात धान्य, चारा, खत, बियाणं यातलं काहीच उरलं नाही की कापसाच्या पैशाशिवाय वर्ष निघत नाही. मग तो पैसा न्यूयॉर्कच्या सेंटावर हलला की सगळं घर हलतं. गेल्या तीन पिढ्यांत भाव कमी-जास्त झाले त्याहून हा बदल मला जास्त जोखमीचा वाटतो, आणि तो थोडासा आपल्या हातातही आहे: एकरभर ज्वारी आणि घरची तूर हा तोट्यातला धंदा दिसतो, पण भाव पडलेल्या वर्षी तोच कापूस घाईनं विकण्यापासून वाचवतो.

आता ठेवायचा की विकायचा. २०२५-२६ साठी हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० ठरला. तुमच्या दारातला भाव ६,७००. त्यामुळं या हंगामात खरा प्रश्न ठेवण्याचा नाहीच, सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं घेणाऱ्या केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाच्या, काट्यापर्यंत कापूस नेण्याचा आहे. ओलावा १० टक्के निघाला आणि लांब धाग्याचा दर लागला तर ७,९४८ पडतात. ट्रॅक्टरचं भाडं आणि हमाली क्विंटलमागं १५० धरली तरी ६,७०० च्या वर १,१०० च्या आसपास उरतात. ४० क्विंटलवर ते ४४,००० रुपये होतात. धाग्याची लांबी कमी भरली तर दर थोडा खाली येईल, तरी हिशोब फिरत नाही.

सीसीआयकडून माल परत येतो तो बहुतेक दोन-तीन ठरलेल्या कारणांनी. २०२५ च्या हंगामापासून कपास किसान ॲपवर नोंदणी आणि तारीख घेणं लागतं. त्यात सातबाऱ्यावर कापसाचा पेरा हवा. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून करायची पिकाची नोंद) राहिली असेल किंवा चुकून सगळं सोयाबीन लागलं असेल, तर आधी तलाठ्याकडं दुरुस्ती, मग बाकीचं. मक्त्यानं किंवा बटईनं केलेल्या वावराचा सातबारा मालकाच्या नावावर असतो, पैसेही मालकाच्या खात्यात जातात. हे बोलणं कापूस भरण्याआधी करा, नंतर नाही. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. ते खातं कर्जाच्या थकबाकीत असेल तर बँक वळते करून घेईल का, हे व्यवस्थापकाला तोंडी विचारून ठेवा. केंद्रं फेब्रुवारी-मार्चकडं बंद होऊ लागतात आणि एकरी किती क्विंटल घेतील याला मर्यादा असते, तेव्हा "नंतर बघू" म्हणणाऱ्याच्या हाती व्यापारीच उरतो.

ओलाव्याबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढं प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, आणि १२ च्या वर कापूस घेतच नाहीत. लोक ८ वर आणायला उन्हात हप्ताभर पसरतात. गणित करा: १२ टक्क्यांचा १०० किलो कापूस ८ वर वाळवला की ९५.६५ किलो उरतो. तसाच दिला तर ४ टक्के कपात, म्हणजे ९६ किलोचे पैसे. दोन्ही सारखंच. म्हणून ८ चा हट्ट नको, पण ११.५ वर गाडीही नेऊ नका, कारण मीटर अर्धा टक्का इकडंतिकडं दाखवतो आणि १२ ओलांडला की भाडं दोनदा. ९ ते १० वर न्या. त्यासाठी दव ओसरल्यावर वेचा, दोन दिवस कापडावर पातळ पसरा, आणि खताच्या प्लास्टिक थैल्यांत भरू नका. त्या थैल्यांचे धागे रुईत जातात, सुतातून कापडात उतरतात आणि रंग धरत नाहीत. भारतीय रुईला बाहेर कमी भाव मिळण्याचं हे एक जुनं कारण आहे.

सीसीआयच्या मर्यादेबाहेर उरेल त्या कापसासाठी तुमच्या भावाचं म्हणणं तपासू. ७,००० चा कापूस तीन महिने ठेवला. सावकाराचे पैसे महिना २ टक्क्यांनी असतील तर व्याज ४२०. ओलावा १० वरून ७ वर आला की वजनात ३ टक्के तूट, ती २१०. एकूण ६३०. म्हणजे कापूस ७,६३० झाला तर तुम्ही फक्त बरोबरीत. एका सेंटाला ६६ रुपये या हिशोबानं त्यासाठी न्यूयॉर्क साडेनऊ सेंट चढायला हवं, किंवा सेंट आणि सरकी मिळून तेवढं. सोनंतारण महिना १ टक्क्यानं असेल तर व्याज आणि तूट मिळून ४२० भरून निघायला साडेसहा सेंट पुरतात. कर्ज नसेल तर फक्त तूट, तीन-सव्वातीन सेंट. एकच कापूस, एकच बाजार, पण सावकाराचं कर्ज असलेल्यानं विकावा आणि बिनकर्जाच्यानं थोडा ठेवावा, असं उत्तर निघतं. गावात "अमक्यानं ठेवलाय" हे ऐकून ठरवू नका. अमक्याचं व्याज तुम्हाला माहीत नसतं.

२०२२ ची आशा मात्र सोडा. त्या वर्षी महामारीनंतरची मागणी, चीनची खरेदी, अडकलेली जहाजं आणि आपलं कमी पीक एकत्र आलं, आणि मे २०२२ मध्ये न्यूयॉर्क १५० सेंटांच्या वर गेलं. आपल्या हिशोबात ते ६५ धरलंय. १०,००० चा भाव यायला काय काय व्हावं लागेल ते वरच्या सूत्रानं तुम्हीच काढा. २०२२-२३ मध्ये अनेकांनी याच आशेनं घरं भरून ठेवली. हंगामाच्या सुरुवातीला आठ-नऊ हजारांच्या आसपास असलेला भाव उन्हाळ्यात सातकडं आला, वजन घटलं, आणि घरात साठवलेल्या कापसानं लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली ती वेगळी. ठेवायचाच असेल तर झोपायच्या खोलीत नको, चुलीपासून आणि उघड्या वायरींपासून लांब, आणि थोडाच.

रोख अडली असेल तर कापसाऐवजी तुरीकडं बघा. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समितीत चालते: माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, ६ टक्के वार्षिक व्याज, १८० दिवस मुदत. सावकाराच्या वर्षाच्या २४ टक्क्यांपुढं हे काहीच नाही. तुमच्या बाजार समितीत ती सुरू आहे का, हे सचिवांना विचारून घ्या. सगळीकडं सारखी चालत नाही.

तर उद्या सकाळी हे करा: ॲपवर तारीख बघा, सातबारा तपासा, ढिगातला ५० ग्रॅम कापूस तोला. आणि व्यापारी पुन्हा दारात आला की रुईची खंडी किती आणि सरकी किती, हे दोनच आकडे विचारा. ते इथं लिहा, उताऱ्याचा आकडाही लिहा. शुल्क त्या दिवशी लागू आहे की नाही ते धरून पुढचा हिशोब आपण मिळून लावू.